उद्या किती वाजता निघणार?

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. भाजीवाल्यानं मूठभर कोथिंबीर वरून फुकट टाकली की मी पिशवीच्या तळाचे टोमॅटो आधी चाचपते. फोनवर कुणी फार गोड बोलायला लागलं की फोन कानापासून लांब धरून नंबर बघते. नवरा म्हणतो, तू फिजिओथेरपिस्ट कशाला झालीस, पोलिसात जायचंस. तो हे इतक्या वेळा का म्हणतो, याचाही मला संशय आहेच.

पण माझ्या कामात संशय उपयोगी पडतो. "मॅडम, रोज व्यायाम करतो" असं सांगणाऱ्याचा खांदा नुसता हातात घेतला की कळतं, यानं आठवडाभर टीव्हीच्या रिमोटपलीकडे काही उचललेलं नाही. आणि "उद्या नक्की येतो" असं छातीवर हात ठेवून सांगणारे तर मी चेहऱ्यावरूनच ओळखते. ते येत नाहीत.

ऊर्जानगरला आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे राहतो. वीज केंद्राची वसाहत, क्वार्टर्स, सकाळ-संध्याकाळ कंपनीच्या बसेस. वसाहतीच्या बाहेरच्या रस्त्यावर माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. सुरुवातीला या न येणाऱ्यांनी मला जेरीस आणलं होतं. कुणाची शिफ्ट बदलली, कुणाकडे पाहुणे आले, कुणाला ऐनवेळी बरंच वाटायला लागलं. वेळ राखून ठेवलेली, शेकासाठी मेण वितळवून ठेवलेलं, आणि मी रिकाम्या टेबलाकडे बघत बसलेली. ज्याला खरंच गरज होती त्याला मी "या आठवड्यात जागा नाही" म्हणून परत पाठवलेलं असायचं. तेव्हा माझा जळफळाट व्हायचा.

मग नागपूरच्या एका शिबिरात एकानं युक्ती सांगितली. आदल्या दिवशी फोन करून नुसती आठवण देऊ नका, म्हणाला. विचारा, किती वाजता निघणार? कोणत्या गाडीनं येणार? सोबत कोण असेल? माणसानं स्वतःच्या तोंडानं एकदा सांगितलं की तो त्याला बांधला जातो. मला ही बाष्कळ बडबड वाटली. तरी करून बघितलं, आणि काय सांगू, ऊर्जानगरात ते चक्क लागू पडलं. "पहिल्या शिफ्टची बस येते, उतरलो की सरळ तुमच्याकडे" असं एकदा बोललेला माणूस खरंच बसमधून उतरून सरळ माझ्याकडे यायला लागला. जो येणार नसेल तो आदल्या दिवशीच सांगायचा आणि त्याची वेळ दुसऱ्याला मिळायची. महिनाभरात माझं टेबल रिकामं राहणं जवळजवळ थांबलं. मी इतकी खूश झाले की ते प्रश्न एका जाड कागदावर छापून फोनशेजारी चिकटवले.

एटापल्लीला मी आठवड्यातून एक दिवस जाते, बाजाराच्या दिवशी. तिथल्या एका संस्थेनं गळ घातली म्हणून सुरू केलं आणि मग सुटलं नाही. आदल्या दुपारी गाडी काढायची, आलापल्लीला चहा घ्यायचा, पुढे लोहखनिजाच्या ट्रकांची धूळ खात एटापल्ली गाठायची, मुक्काम करायचा आणि सकाळपासून पेशंट. बाजाराचा दिवस अशासाठी की त्या दिवशी आतल्या गावांतून काळ्यापिवळ्या जीपा येतात. दुपार कलली की त्याच जीपा परत जातात. ती चुकली तर माणसानं जायचं कसं, हा प्रश्नच.

जागा एका शिंपीकाम करणाऱ्या मुसलमान कुटुंबाच्या घरातली. पुढे त्यांचं दुकान, शेजारी पडवी, आणि पडवीतून आत माझी खोली, पडदा लावलेली. पडवीत पेशंट बसायचे. त्यांना नंबरानं आत सोडायचं काम त्या घरातली थोरली सून करायची. तिशीतली, चटपटीत, एका हातानं हुक लावत दुसऱ्या हातानं फोन उचलणारी. गावातल्या प्रत्येकाला ओळखणारी. मला तिचं हेच खुपायचं. जी बाई सगळ्यांना ओळखते ती कुणाला तरी आधी आत सोडणारच, असं माझं साधं गणित होतं.

तिला मी तो छापील कागद दिला. नियम समजावला: आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन, हे प्रश्न, आणि जो नाही म्हणेल त्याची वेळ दुसऱ्याला. नाही म्हणून वर कुणी आलंच, तर त्यानं सगळ्यांच्या शेवटी थांबायचं. तिनं कागद वाचला.

"इतकं सगळं विचारायचं, मॅडम?"

"इतकंच विचारायचं," मी म्हणाले.

आणि काय झालं, तर एटापल्लीतलं न येणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. आधी दहा जणांत एखाद-दुसरा चुकायचा. आता आदल्या दिवशी फोनवरच निम्मे "नाही" म्हणायला लागले. तेही गावातले नव्हेत, सगळे आतल्या खेड्यांतले. त्यांच्या रिकाम्या वेळा भरायच्या गावातल्या लोकांनी. कापडवाल्याचा गुडघा, हॉटेलवाल्याची मान. एकदा तर सुनेच्या चुलत सासऱ्यांची कंबर आली. म्हातारे टुणटुणीत चालत आले, टेबलावर झोपले, आणि "जरा शेक द्या मॅडम, बरं वाटते" म्हणाले. मी शेक दिला, पण माझ्या डोक्यात चक्र फिरायला लागलं होतं.

मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. बाजारात वडाखाली बसून तेल चोळणारा एक हाड्या वैद्य होता, त्याच्याकडे लोक वळले असतील का, म्हणून मी मुद्दाम तिकडून चक्कर मारली. त्याच्याकडेही गर्दी नव्हती. तो माझ्याकडे असा बघत होता की त्याचे पेशंट मीच पळवलेत. संस्थेच्या लोकांनी माझ्याबद्दल काही पसरवलं असेल का, हेही मनात येऊन गेलं. पण फिरून फिरून बोट त्या सुनेकडेच जायचं. फोन तीच करत होती, नाही कोण म्हणालं हे तीच सांगत होती, आणि रिकाम्या जागी तिच्याच ओळखीचे येत होते.

तरी मी गप्प बसले असते. पण त्या नाही म्हणणाऱ्यांमध्ये एक बाई होती जिचं न येणं मला परवडणारं नव्हतं. म्हणजे तिला परवडणारं नव्हतं.

आतल्या एका गावची ती गोंड बाई. धान कापताना विळा डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांवर बसला होता आणि आतल्या दोऱ्या तुटल्या होत्या. ज्यांनी बोट वाकतं त्या दोऱ्या. चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्या जोडल्या गेल्या, नीट जोडल्या होत्या, पण टाके काढले की खरं काम सुरू होतं. दर आठवड्याला ते बोट मेणात शेकायचं, चोळायचं, वाकवायचं, घरी करायचा व्यायाम बदलून द्यायचा. सुरुवातीचे आठवडे हुकले तर दोरी आतल्या आत चिकटून बसते. मग ते बोट जन्मभर काठीच.

पहिल्यांदा आली तेव्हा तिनं मला एकच विचारलं होतं.

"तेंदूच्या टाइमले हात चालन का?"

उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, घरी आणून त्याचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या गोळा करण्याच्या जागेवर, नेऊन द्यायचे. डाव्या मुठीत पानं घट्ट धरायची आणि उजव्या हातानं सालीची दोरी आवळायची. डावी मूठ मिटली नाही तर पानं निसटतात. तिचा नवरा वारला होता, दोन मुली होत्या, आणि वर्षभराचं मीठ-मिरची-कापड त्या थोड्या दिवसांवर चालायचं. तिच्या मराठीत 'तुम्ही' नव्हतंच, ती मला सरळ 'तू' म्हणायची. मला ते आवडायचं. बोट वाकवताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण हात मागे घेतला नाही कधी.

"चालेल," मी तिला सांगितलं होतं. "पण एकही बाजार चुकवायचा नाही."

"नाई चुकवत," ती म्हणाली. आणि मी, जी छातीवर हात ठेवणाऱ्यांवर विश्वास ठेवत नाही, मी तिच्यावर ठेवला. तिनं छातीवर हात ठेवला नव्हता म्हणून असेल.

फोनची पद्धत सुरू झाल्यावर पहिल्याच बाजाराला ती नव्हती. "नाही म्हणाली," सून म्हणाली. दुसऱ्या बाजाराला पुन्हा तेच. मला राग आला तिचा. इतकं समजावून सांगितलं, वर डोळ्यांत पाणी, आणि घरी बसली. मग विचार केला, ही बाई घरी बसणाऱ्यातली वाटत नाही. कुणीतरी तिला बसवतंय.

तिसऱ्या वेळी मी आलापल्लीला चहाच्या टपरीवर होते तेव्हाच सुनेचा फोन आला. उद्याचे कोण कोण नाही म्हणाले ते तिनं सांगितलं. त्यात ती पुन्हा होतीच. "बरं," मी म्हणाले, फोन ठेवला, आणि माझ्याजवळच्या केसपेपरवरचा त्या बाईचा नंबर काढून स्वतःच लावला. टपरीवाल्याला चहा दुसरा सांगितला, म्हणजे तिथं उभं राहायला निमित्त.

बराच वेळ वाजला. मग एका पुरुषानं उचलला. मागे कोंबड्यांचा आवाज होता.

"कोन?"

मी दवाखान्यातून बोलतेय म्हणून सांगितलं, बाईचं नाव घेतलं.

"कोनता दवाखाना?"

"एटापल्लीचा. हाताचा."

"तू कोन?"

"मी मॅडम. तिचा हात मीच बघते. उद्या येणार आहे ना ती? किती वाजता निघेल? कोणत्या जीपनं?" हे सगळं मी छापील कागदासारखं एका दमात म्हणून गेले.

पलीकडे फक्त कोंबड्या.

"अशी कोनी बाई इथी नाई," तो म्हणाला.

"अहो, पण नंबर..."

"नंबर चुकीचा हाय." आणि फोन बंद.

मी पुन्हा लावला. उचललाच नाही कुणी.

तर हे असं आहे, मी मनाशी म्हणाले. नंबरच खोटा लिहिलाय. आतल्या लोकांचे नंबर ही बया मुद्दाम चुकीचे लिहिते, कुणाकडून तरी नाही वदवून घेते, आणि आपल्या गोतावळ्याला आत घेते. दुसरा चहा मी अर्धाच प्यायला. एटापल्लीपर्यंतच्या रस्त्यात ट्रकांच्या मागे अडकून पडले तेव्हा तिला काय काय बोलायचं ते सगळं पाठ करून ठेवलं.

सकाळी पडवीत कुणी यायच्या आधी मी तिला गाठलं. पाठ केलेलं अर्धं बोलले असेन नसेन, तिचा चेहरा लाल झाला.

"मॅडम, तुम्ही मले चोर समजून राह्यल्या का?"

"मग हा नंबर कुणाचा आहे?"

"तिनंच देल्ला! तुमच्याच समोर देल्ला, याद करा. आन कोन नाई म्हनते ते मी माझ्या मनानं लिहिते का? तुमीच रूल बनवला. मी तर समजली, तुमालेच खेड्यावाले नको झाले."

"मला?"

"हो. ते येऊन बसते बाहेर. मी सांगते, तुमचा नंबर गेला, लास्टले थांबा. जीपचा टाइम झाला की उठून जाते बिचारे. तुमी एकदा तरी पडदा सरकवून पाह्यलं का?"

"येऊन बसतात म्हणजे? नाही म्हणून येतात?"

"सगळे येते! फोनवर नाई, आन सकाळी हजर. ती हातवाली बी येते. दोन्ही टाइम आली होती. मले वाटलं तुमाले सगळं मालूम हाय."

तिनं हातातलं कापड शिवणयंत्रावर आपटलं आणि आत निघून गेली. मी पडवीत एकटी उभी राहिले. तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा की नाही हे मला अजून ठरवता येत नव्हतं. आपल्यावर आलं की दुसऱ्यावर ढकलायचं, ही रीत मला चांगली माहीत आहे. पण ती बाई दोनदा येऊन परत गेली असेल, माझ्या पडद्यापासून चार हातांवर बसून, मी आत कुणाच्या तरी धडधाकट कंबरेला शेक देत असताना, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

थोड्या वेळानं पेशंट यायला लागले. सून परत बाहेर येऊन बसली, माझ्याकडे न बघता. मी आत पहिल्या पेशंटच्या खांद्याला हात लावला होता तेवढ्यात पडवीतून आवाज आला.

"कोन हाय इथी मॅडम? आज तरी पाह्यन का हिले?"

तो आवाज. काल ज्यानं मला नंबर चुकीचा आहे म्हणून सांगितलं तोच. खांदेवाल्याला तसाच सोडून मी पडदा सरकवला. पन्नाशीचा एक उंच माणूस डोक्याला पंचा बांधून उभा होता, आणि त्याच्याशेजारी जमिनीवर ती बसली होती, डावा हात उजव्यात धरून.

"काल फोनवर तुम्हीच होतात ना?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं.

"मी विचारलं तेव्हा म्हणालात, अशी कुणी बाई इथं नाही. ही कोण मग?"

"माह्या भावाची बायको," तो म्हणाला.

"मग खोटं का बोललात? तुमच्या नाही म्हणण्यानं हिचा नंबर जातो. ठाऊक आहे?"

"मले का मालूम कोन बोलून राह्यलं?" त्याचा आवाज चढला नाही, पण कडक झाला. "फोन तिकडं टेकडीवरच्या झाडाले टांगून राह्यते. रेंज तिथीच. जो असन तो उचलते. काल मी होतो. एक बाई विचारते, ही उद्या किती वाजता निघन. कोनत्या गाडीनं जाईन. कोनत्या रस्त्यानं. सांग बरं, कोन विचारते असं?"

"मी सांगितलं ना, दवाखान्यातून म्हणून."

"सगळे तसंच सांगते." त्यानं पडवीत बसलेल्यांवरून नजर फिरवली आणि आवाज खाली घेतला. "इकडून पोलीस बी विचारते, तिकडून जंगलातले बी विचारते. कोन कवा निघालं, कोनासंगं गेलं. आमच्या गावात फोनवर कोनी कोनाचा येण्याजाण्याचा टाइम सांगत नाई. ल्हान पोर बी नाई सांगत. घरी नाई, गावात नाई, येत नाई, हेच सांगते. आता शांत हाय म्हनते. असन. पन सांगाचं नाई म्हंजे नाई."

पडवीत आतल्या खेड्यांतून आलेले आणखी तिघं-चौघं बसले होते. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला आठवलं, त्याच्या नावापुढेही कालच्या दिवशी 'नाही' होतं.

मला जाड कागदावर छापलेले माझे ते प्रश्न डोळ्यांपुढे आले. किती वाजता निघणार, कोणत्या गाडीनं, सोबत कोण. ऊर्जानगरात कंपनीच्या बसमधून उतरणारा माणूस ज्याचं उत्तर हसत देतो, तेच प्रश्न मी दर आठवड्याला टेकडीवरच्या झाडाला टांगलेल्या फोनला विचारत होते. तरी मला रागही होता आणि तो मी लपवला नाही.

"तुमचं बरोबर असेल," मी म्हणाले. "पण तुम्ही हिला सांगितलंत का, की दवाखान्याचा फोन आला होता आणि मी नाही म्हणालो?"

तो पहिल्यांदा गडबडला. "ते का सांगाचं."

खाली बसलेल्या तिनं वर बघितलं. तिला हे ठाऊक नव्हतं, ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. दोन बाजार ती समजत होती की मलाच ती नको झालीय. ती त्याला गोंडीत काहीतरी बोलली. मला एक शब्द कळला नाही, पण पंचेवाला दीर भिंतीकडे बघायला लागला आणि खांदेवाला पेशंट, जो पडद्याआडून ऐकत होता, तो हसला. बहुतेक त्याला गोंडी येत असावी.

मी तिला आत घेतलं. सुनेनं न विचारता नंबर बदलला.

करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट मी वाकवून बघितलं. शेजारचं बोट थोडं ढिलं होतं, तिनं घरी वाकवत ठेवलं होतं. करंगळी मात्र मधल्या पेरात आखडली होती. मी मेणात बुडवली, चोळली, वाकवली. ती दातांवर दात दाबून बसली. तिचा दीर पडद्यातून डोकावत होता, आणि मी शेक द्यायचं यंत्र लावलं तेव्हा एकदम आत आला.

"करंट देऊन राह्यली का?"

"हो. हात लावून बघा स्वतःच."

त्यानं लावला नाही. पण बाहेरही गेला नाही. यंत्र बंद होईपर्यंत तो त्याच्या दिव्याकडे डोळे बारीक करून बघत राहिला. मला तो माणूस मनापासून आवडला. इतका संशयी माणूस मी घरच्या आरशाबाहेर पाहिला नव्हता.

"सारी वाकन का?" निघताना तिनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "शेजारचं वाकेल. करंगळीचं सांगता येत नाही. दोन आठवडे गेले ना."

तिनं हात पदराखाली घेतला आणि गेली.

त्या दिवसापासून एटापल्लीला आम्ही फोन करणं बंद केलं. कागद सुनेनं काढून टाकला. मी म्हणायच्या आधीच. जाताना प्रत्येकाला तोंडानं सांगायचं, पुढच्या बाजाराला ये, आणि जो जसा येईल तसा आत. कधी पडवी भरून वाहते आणि माझी कंबर माझ्याच टेबलावर झोपायला मागते. कधी दुपारपर्यंत कुणी नाही आणि मी शिवणयंत्राचा आवाज ऐकत बसते. संस्थेच्या लोकांना मी अभिमानानं सांगितलं की आता एकही वेळ रद्द होत नाही. कशी होणार? विचारतच नाही आम्ही. सुनेशी माझं हळूहळू नीट झालं. माफी मी मागितली नाही, तिनं ती ऐकूनही घेतली नसती. तिनं चुलत सासऱ्यांची कंबर परत आणली आणि मी मुकाट्यानं शेक दिला. एवढ्यावर भागलं. तरी ती कुणाला आधी सोडते यावर माझं लक्ष असतं. तिलाही ते माहीत आहे.

ती बाई त्यानंतर दर बाजाराला आली. कधी दीर सोबत, कधी एकटी. शेजारचं बोट मिटायला लागलं. करंगळी अर्ध्यावर येऊन अडली ती अडलीच. मी तिला पळसाच्या पानांचा गठ्ठा करून मुठीत धरायला लावायची. पानं निसटायची. पुन्हा धरायची. निसटायची. तिच्याहून मीच जास्त चिडायचे.

उन्हाळा चढला. बाजार जवळ आला होता आणि मी ऊर्जानगरच्या क्लिनिकमध्ये होते. बाहेर बाकांवर पेशंट, वसाहतीतले, सगळे एकमेकांना ओळखणारे आणि मोठ्यानं बोलणारे. माझा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. मी सवयीनं लांब धरून बघितला.

"मॅडम का?" बाईचा आवाज. मागे कोंबड्या.

"कोण?"

तिनं आपलं नाव सांगितलं.

एटापल्लीच्या माझ्या पेशंटपैकी कुणी आजवर मला फोन केला नव्हता. "कशावरून?" मी म्हणाले. ते तोंडातून निघूनच गेलं.

ती म्हणाली, "डाव्या हाताची करंगळी अर्धीच वाकते. तेच मी."

मी उठून आतल्या खोलीच्या दाराशी गेले. "बोल."

"या बाजाराले नाई येत मी. तेंदू सुरू झाला."

"पुडा बांधता येतो?"

"येते. मूठ सारी मिटत नाई, मंग करंगळीच्या खालून दोरी घेतो. हळू होते. माही पोरगी दोन बांधते तवा माहा एक होते." आणि ती हसली. "पन निसटत नाई."

मी बरं, बरं असं काहीतरी म्हणत राहिले.

"आन आइक," ती म्हणाली. आवाज खाली आला होता, पण शब्द सावकाश, नीट, एकेक करून येत होते. तिनं मला सांगितलं, तेंदू संपल्यावरच्या कोणत्या बाजाराला ती येणार. घरून कधी निघणार. कोणत्या वाटेनं रस्त्याला लागणार, कोणाच्या जीपनं, आणि सोबत कोणती पोरगी असणार. मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. टेकडीवर उभी राहून ती ते सगळं सांगत होती आणि मी ऐकत होते. लिहून घ्यायला हात पेनाकडे गेला, तो मी मागे घेतला.

फोन ठेवून बाहेर आले तर बाकावरचे निवृत्त काका माझ्याकडेच बघत होते. त्यांना सगळ्याची चौकशी असते, माणूस चांगला आहे.

"एटापल्लीची पेशंट का? हातवाली? तुम्ही सांगत होता ती?" त्यांनी विचारलं. "कधी येणार म्हणते मग?"

"नाही येत," मी म्हणाले.